आईचं गिऱ्हाईक

माझं काम लोकांच्या मनातली शंका काढून टाकण्याचं आहे. हे काम नेमकं माझ्याकडे यावं ही गंमतच म्हणायची, कारण आमच्या घरात शंका रोजच्या आमटीसारखी असते. वडील कोलकात्याला खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये अप्रेझर होते. आलेल्या मालाची किंमत ठरवायची आणि कागदावर लिहिलाय तोच माल पेटीत आहे ना हे बघायचं, ही त्यांची नोकरी. पेटी उघडायच्या आधी ते खिळे बघत. जुन्या लाकडात नवा खिळा दिसला की त्यांच्या मनात पाल चुकचुकायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी मिठाईचं खोकं घरी आलं की ते आधी दोरीची गाठ बघतात. मी त्यांचीच मुलगी. लिफ्टमध्ये कुणी विनाकारण हसलं तर मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेते. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर याला ही चौकशी कशाला हवी, हाच विचार माझ्या मनात आधी येतो.

अशा बाईला सेक्टर फाइव्ह या आयटी भागातल्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं, ते ॲपच्या स्क्रीन अशा आखायचं की वापरणाऱ्याचं बोट कुठेही थबकू नये. ॲप डिजिटल चित्रांच्या खरेदी-विक्रीचं होतं. साध्या भाषेत सांगायचं तर, तुम्ही मोबाइलवर एक चित्र काढायचं, एक बटण दाबायचं, आणि त्या चित्राच्या नावाने इंटरनेटवर एक कायमची नोंद तयार होते. ती नोंद म्हणजे टोकन. चित्र कुणीही बघावं, उतरवून घ्यावं, पण नोंद एकाच्याच मालकीची. ती विकता येते, विकत घेता येते, जमवता येते, आम्ही लहानपणी काडेपेट्यांचे छाप जमवायचो तशी.

बाबांना हे मी पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"म्हणजे माल नाही, नुसती मालाची पावती, बिल्टी," ते म्हणाले.

मी म्हटलं, तसंच काहीसं. लोक बिल्ट्या जमवतात का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर, आपण गोदीत जन्म फुकट घालवला असं म्हणून ते पेपर वाचायला लागले.

खरं सांगायचं तर मला त्यांचं म्हणणं पटत होतं. पण पगार वेळेवर होत होता, आणि काम म्हणून काम मजेचं होतं. आधी या असल्या ॲपमध्ये माणूस शिरला की घाबरून परत यायचा. अक्षर-आकड्यांचे लांबलचक पत्ते, खातं उघडायच्या गुप्त शब्दांची रांग, लाल अक्षरातल्या सूचना. मी ते एकेक करून झाकत गेले. लाल होतं तिथे फिका हिरवा आला. 'तुम्हाला नक्की खात्री आहे का?' असं एक विचारणं होतं, ते मी पूर्ण काढून टाकलं. जो प्रश्न विचारत मी एवढी मोठी झाले, तो पुसण्याबद्दल मला पगार मिळत होता.

कंपनीचा मालक बागबाजारचा बंगाली. अतिशय मृदू बोलणारा, केबिनचं दार कधी बंद न करणारा माणूस. दार उघडं ठेवणाऱ्याकडे झाकण्यासारखं काही नसतं असं इतरांना वाटायचं. मला वाटायचं, याने झाकायचं ते दुसरीकडे ठेवलंय. मी मराठी आहे हे कळल्यावर पहिल्याच दिवशी तो हसून म्हणाला होता की तुमच्या मराठा स्वारांच्या भीतीने आमच्या पूर्वजांनी आमच्या मोहल्ल्यापासून खंदक खणायला घेतला होता. मीही हसले. पण आमच्या दोघांत तो खंदक तेव्हापासून राहिला, हे मला तरी जाणवत होतं.

ॲप तयार होत आलं तसा त्याने आग्रह धरला, की क्रिप्टोचं नावही न ऐकलेल्या माणसाच्या हातात हे देऊन बघू. आमच्या कामात ही एक रीतच आहे. माणसाला ॲप द्यायचं, आपण मागे बसायचं, तोंड उघडायचं नाही, नुसतं त्याचं बोट कुठे अडतं ते बघायचं. मालक म्हणाला, तुमच्या आईंनाच विचारा ना. त्याला माझी आई कशाला हवी, असं माझ्या मनात आलंच. तरी मी आईला विचारलं. कारण मला आईसाठी काहीतरी हवंच होतं.

आईचं असं होतं. बाबांच्या बदल्या बंदरा-बंदराला. कांडला, विशाखापट्टणम, कोची, शेवटी कोलकाता. दर गावी घर सरकारी, भिंती सरकारी, पंखेसुद्धा सरकारी. आईच्या मालकीचा असायचा तो दारापुढचा चौकोन. तिथे ती रोज रांगोळी काढायची, आणि चैत्र लागला की महिनाभर चैत्रांगण. सूर्य, चंद्र, शंख, चक्र, कासव, नाग, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती, आंब्याची डहाळी, फणी, आरसा, गोपद्मं, आणि मधोमध झोपाळ्यात बसलेली गौर. झोपाळा काढायचा मान लहानपणी माझा होता. तो आईने चुकून स्वतः काढला तर मी उंबऱ्यात बसून भोकाड पसरायचे, आणि तिला तो पुसून माझ्या हाती रांगोळीची वाटी द्यावी लागायची. पुण्याहून कुणी येणार असलं की आई आंबा बर्फी नको म्हणायची, रांगोळीची पुडकी आणा म्हणायची. आता आम्ही राहतो त्या खिदिरपूरच्या इमारतीतल्या बायका दारात तांदळाच्या पिठाची आल्पना काढतात. त्या आईचं चैत्रांगण बघायला मजले उतरून यायच्या.

मग तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. चालणं सुधारलं, पण डॉक्टरांनी जमिनीवर बसायला कायमची बंदी केली. त्यानंतरचे चैत्र तिने दाराजवळ खुर्ची टाकून काढले. देव्हाऱ्यापुढे हात पोचेल तिथे बोटभर काहीतरी काढायची, तेवढंच. बाकी वेळ खुर्चीत बसून त्या रिकाम्या फरशीकडे बघायची. ती रडली नाही, कुरकुरली नाही. पण ते बघणं मला बघवत नव्हतं. ती हळूहळू घरातून उठून चाललीय असं मला वाटायचं, आणि त्याची मला फार भीती वाटत होती.

म्हणून चैत्राच्या सुरुवातीला मी ऑफिसचा टॅबलेट घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर तिच्यासमोर ठेवला. आधी तिने बोट लावलं ते निखाऱ्याला लावावं तसं. मग एक ठिपका उमटला. दुसरा उमटला. मी मागे बसून गप्प बघत होते, कामाची रीत म्हणून. ठिपक्यांना रेघा जोडताना तिला लागलेली धाप हळूहळू थांबली, आणि तिने पदर खोचला. टेबलाशी बसून पदर खोचायची काही गरज नव्हती.

चित्र पूर्ण झाल्यावर मी तिला हिरवं बटण दाखवलं. ती म्हणाली, ते ठीक आहे, पण उद्या हे पुसायचं कसं? मी म्हटलं, पुसता येत नाही, हे कायमचं राहतं. तिने नाक मुरडलं. कालची रांगोळी तशीच ठेवून आज कुठे काढायची, हा तिचा प्रश्न. नवं पान मिळतं म्हटल्यावर तिचं समाधान झालं आणि तिने बटण दाबलं. बोट कुठेही अडलं नाही. माझं काम चोख झालं होतं.

आणि चहा होईतो ते चित्र विकलं गेलं.

स्क्रीनवर वरून फुलं पडली. 'अभिनंदन! तुमची कलाकृती कुणाच्या तरी मनात भरली आहे.' हे वाक्य मीच लिहिलेलं, फुलंही मीच बसवलेली. पैसे म्हणजे कंपनीचंच डिजिटल नाणं, त्याची किंमत अजून ठरायची होती. पण आईला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. सकाळी पहिली भवानी झाल्यावर भाजीवाली करते तसं तिने तो टॅबलेट उचलून कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशीही चित्र त्याच खात्याने घेतलं. तिसऱ्या दिवशीही. खात्याला नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे. आई त्याला गिऱ्हाईक म्हणायला लागली. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून ती टेबलाशी बसायची. दाराजवळची खुर्ची तिने उचलायला लावली. इथल्या मराठी मंडळाच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्हं पिता-पिता तिने बायकांना सगळं सांगितलं. कोण आहे तो, असं बायकांनी विचारलं तर ती हसून म्हणाली, "आहे एकजण." असं म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं होतं. मला वाटलं, माझं लक्ष आहे का ते बघतेय.

रोज संध्याकाळी मी घरात शिरले की ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत सांगायची, "आजचं पण घेतलं बरं का." मी बूट काढता-काढता हूं म्हणायचे. एक दिवस तिने सणवार नसताना शेवयांची खीर केली आणि वाटी माझ्यापुढे ठेवली. बाबांना दिली नाही, आधी मला. कशाबद्दल, असं मी विचारलं. सहज, ती म्हणाली. सहज कुणी काही करत नाही हे मला पक्कं ठाऊक असल्याने, तिला आता काय हवंय याचा विचार करत मी ती खीर खाल्ली.

पण माझं खरं लक्ष त्या गिऱ्हाइकावर होतं. ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर मी आईची रोजची चित्रं उघडून बघायचे. तिचं बोट कुठून कुठे गेलं, रेघ कुठे तुटली, रंगाचं बटण सापडायला किती वेळ लागला. ते माझं कामच होतं, आणि मी ते डोळ्यात तेल घालून करत होते. त्यातच हे दिसायला लागलं की खरेदी नेहमी सारख्याच अंतराने होते. आईने सकाळी बटण दाबो की दुपारी, जणू कुणीतरी दाराआड उभंच. कुठल्या चित्रप्रेमी माणसाला इतकी घाई असते? म्हाताऱ्या बायकांना आधी खूश करून मग लुबाडणारे लोक असतात, हे मी रोज पेपरात वाचत होते. मी आईला खोदून विचारलं, कुणाचा फोन आला का, कुणी काही विचारलं का, गुप्त शब्द मागितले का. ती म्हणाली, नाही ग, तो बोलत काही नाही. आणि पुन्हा तसंच हसली. ते हसू बघून माझा जीव आणखी खालीवर व्हायला लागला. माझी आई एका बिनचेहऱ्याच्या माणसासाठी साडीला इस्त्री करतेय.

शेवटी एका रविवारी दुपारी, आई झोपलेली असताना, मी बाबांना सगळं सांगितलं. आईची सगळी चित्रं मी रोज एकूणएक बघते आणि कुठे काही वावगं दिसत नाही, हेही सांगितलं. बाबांनी पेपरची घडी घातली. कितीतरी दिवसांनी त्यांच्याकडे कामाची गोष्ट आली होती.

त्यांनी मला गोदीतली एक जुनी युक्ती सांगितली. एखादा व्यापारी परदेशातून वारंवार एकच माल मागवतो, आणि माल तर काही खास नाही, असं दिसलं की त्यांचे एक वरिष्ठ काय करायचे, तर त्याची एक पेटी रिकामी करून, तेवढ्याच वजनाचं भंगार भरून पुढे जाऊ द्यायचे. खरा व्यापारी दुसऱ्या दिवशी बोंब मारत यायचा. जो यायचा नाही, त्याच्यावर नजर ठेवायची.

"माल न बघता जो घेतो, त्याला माल नकोच असतो," बाबा म्हणाले. "तू रिकामी पेटी पाठव."

मी माझ्या मोबाइलवर खोट्या नावाचं नवीन खातं उघडलं. एक कोरं पान घेतलं. रेघ नाही, ठिपका नाही, नुसतं पांढरं. हिरवं बटण दाबलं. आम्ही दोघं सोफ्यावर शेजारी-शेजारी बसून वाट बघत राहिलो. बाबांनी घड्याळ हातात काढून धरलं होतं. आणि स्क्रीनवरून फुलं पडायला लागली. 'अभिनंदन! तुमची कलाकृती कुणाच्या तरी मनात भरली आहे.' खातं तेच. तीच अक्षरं, तेच आकडे.

बाबांनी घड्याळ पुन्हा मनगटावर चढवलं आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. आत आई झोपली होती.

सोमवारी मी मालकाच्या त्या उघड्या दारातून आत गेले आणि विचारलं. मला वाटलं होतं तो ताकास तूर लागू देणार नाही. पण त्याने लगेच कबूल केलं, तेही इतक्या सहजपणे की मीच खुळ्यासारखी उभी राहिले. ते खातं कंपनीचंच. माणूस नाही, एक छोटा प्रोग्रॅम. नवीन आलेल्या प्रत्येकाचं चित्र तो विकत घेतो, म्हणजे माणूस निराश होऊन निघून जात नाही, आणि ॲपमध्ये बाजार गजबजलेला दिसतो.

"देखिए, दुकान खुलती है तो बोहनी घर का आदमी ही करता है," तो म्हणाला. "इसमें धोखा क्या है?"

मी म्हटलं, घरचा माणूस निदान माल बघून घेतो. तो मृदूपणे हसला. मग म्हणाला, काळजी करू नका, महिनाअखेर हा प्रोग्रॅम बंदच करतोय, आता खरी माणसं यायला लागलीत. तुमच्या आईंना आमच्याकडून नमस्कार सांगा, त्यांची चित्रं आम्ही जाहिरातीत वापरणार आहोत. मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. मी माझ्या जागेवर येऊन बसले. समोरच्या स्क्रीनवर आईचं कालचं चैत्रांगण उघडंच होतं. त्याच्या कोपऱ्यात माझं फिकं हिरवं बटण.

बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात एकच होतं. महिनाअखेर. म्हणजे आणखी थोड्या दिवसांनी आई बटण दाबेल आणि फुलं पडणार नाहीत. ती वाट बघेल. मग दुसऱ्या दिवशीही बघेल. आणि मग एक दिवस दाराजवळची खुर्ची पुन्हा दाराजवळ जाईल. संशय घ्यायला मला कुणी शिकवावं लागत नाही, पण संशय खरा ठरल्यावर त्याचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सांगावं तर तिचं गिऱ्हाईक मी मारलं. न सांगावं तर ते आपोआप मरणार, आणि त्याला आपलंच काहीतरी आवडलं नाही असं ती धरून चालणार.

घरी बाबांना मी खुणेनेच सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, सांगून टाक, तिला दुसऱ्याकडून कळायला नको. आयुष्यभर लोकांचे बनाव उघडे पाडलेल्या माणसाचा आवाज या वाक्याला जरा कापला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. आईचं चित्र पूर्ण होईतो थांबले. बाबा कोपऱ्यात पेपर उघडून बसले होते. एकही ओळ वाचत नव्हते हे मला कळत होतं. आईने बटण दाबलं, फुलं पडली, तिने टॅबलेट नेहमीसारखा कपाळाला लावला. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, तुझ्या त्या गिऱ्हाइकाबद्दल बोलायचंय.

आईने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला माहितीये कोण आहे ते," ती म्हणाली. "तूच ना ती?"

ती सांगायला लागली, तिच्या त्या सावकाश आवाजात. पहिल्या दिवशी तिला वाटलं, असेल कुणीतरी परदेशात, ज्याची आई चैत्रांगण काढत असेल. पण रोज, लगेचच्या लगेच घेणारं कोण असणार? ज्याला ती कधी काढायला बसते हे ठाऊक आहे, तेच. बाबांना तर फोन उचलायला दोनदा सांगावं लागतं. म्हणजे मी.

"तुझं लहानपणापासून तसंच," ती म्हणाली. "तोंडावर चांगलं म्हणणार नाहीस. मागून काहीतरी करशील. मला इतकं बरं वाटत होतं ग. म्हटलं, हिला बोलायला वेळ नाही, पण ऑफिसात बसून माझं रोजचं चित्र बघते, घेते."

मला ती खीर आठवली. हळदीकुंकवातलं ते हसू आठवलं. मग तिचा आवाज थोडा खाली आला.

"फक्त एक चुकलं तुझं. म्हणून मी बोलले नाही. मला खात्री करून घ्यायची होती, म्हणून मी झोपाळा काढायचा सोडला. देवापुढे काढते रोज, पण इथे नाही. म्हटलं, ती तू असशील तर पहिल्या दिवशीच येऊन भांडशील, झोपाळा कुठाय म्हणून. मी वाट बघत होते. तू घेत राहिलीस, पण विचारलं नाहीस."

मी टॅबलेट ओढून घेतला आणि मागची चित्रं उघडत गेले. सूर्य होता, चंद्र होता, कासव, हत्ती, फणी, आरसा. मधोमध गौर होती. सुरुवातीच्या काही चित्रांत ती झोपाळ्यात होती. मग नाही. पुढच्या एकाही चित्रात नाही. गौर नुसतीच बसलेली, वर दोऱ्या नाहीत, खाली फळी नाही, तिच्याभोवती मोठी पांढरी जागा. ती इतकी उघड दिसत होती, की कुणी हात धरून दाखवायची गरज नव्हती.

एका क्षणी वाटलं, हो म्हणून टाकावं. आईचं गिऱ्हाईक मीच. त्या एका 'हो'ने ते जगलं असतं. पण मग झोपाळ्याचं काय सांगणार होते?

"मी नव्हते, आई," मी म्हणाले. "कुणीच नव्हतं. कंपनीचा प्रोग्रॅम होता, मशीन. तो सगळ्यांचं घेतो. परवा मी कोरा कागद दिला, तोही घेतला."

टेबलावरचा चष्मा तिने उचलला, पुन्हा ठेवला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो आता मिटेल, दाराकडे वळेल, याची वाट बघत होते. तसं झालं नाही.

"म्हणजे तू ही चित्रं बघितलीच नव्हतीस?" तिने विचारलं.

मी काही बोलले नाही. तिने माझ्या गप्प राहण्यालाच उत्तर धरलं, आणि तिच्या कपाळावरची आठी गेली.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "मला आपलं वाईट वाटत होतं, की रोज बघूनही हिच्या लक्षात कसं येत नाही. बघितलंच नाहीस, तर कसं येणार?"

कोपऱ्यातला पेपर खाली आला. बाबा माझ्याकडे बघत होते, पेटी उघडायच्या आधी खिळ्यांकडे बघतात तसे. रविवारी त्या सोफ्यावर मीच त्यांना सांगितलं होतं, की आईची सगळी चित्रं मी रोज एकूणएक बघते आणि कुठे काही वावगं दिसत नाही. त्यांना ते शब्दन्शब्द आठवत असणार. असल्या गोष्टी ते विसरत नाहीत. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. थोड्या वेळाने पेपर पुन्हा वर गेला. एवढ्या वर्षांत त्यांनी पेटी न उघडता सोडलेली मी पहिल्यांदा बघितली.

आईने टॅबलेट स्वतःकडे ओढून नवं पान उघडलं. त्यावर मधोमध फक्त गौर काढली आणि तो माझ्याकडे सरकवला.

"आता विकायचं-बिकायचं राहू दे," ती म्हणाली. "तू झोपाळा काढ. मग मी बाकीचं भरते."

मी बोट टेकवलं. डावीकडची दोरी बरी आली, उजवीकडची तिरकी गेली. चारही दोऱ्या सारख्या यायला हव्यात, असा पूर्वी माझाच हट्ट असायचा. आई फक्त माझं बोट कुठे अडतंय ते शेजारून बघत राहिली. बटण दाबायच्या आधी या ॲपमध्ये पुसता येतं. मी उजवीकडची दोरी पुसली आणि पुन्हा काढायला घेतली.